हिशोबाबाहेरची वाळू

“दोन टोपल्या,” मुख्याध्यापक म्हणाले. “दर वर्षी. क्रीडा स्पर्धांच्या आधी.”

मी गुडघाभर खड्ड्यात उभा राहून प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरत होतो. मान वर करून विचारलं, “कसल्या टोपल्या?”

“वाळूच्या. लांब उडीचा खड्डा भरायला.” त्यांनी मागे वळून सगळा किनारा पाहून घेतला. “मी या शाळेत येऊन सोळा वर्षं झाली. त्याच्या आधीचं माझ्या नावावर धरू नका.”

मला वाटलं, गंमत करताहेत. मी स्वतः गंमत करणारा माणूस असल्यामुळे समोरच्याची गंमत मला ओळखू यायला हवी. पण ते घामाने भिजले होते, आणि महिना डिसेंबरचा होता.

“नोंद घेतली,” मी म्हणालो. ते हलके होऊन शाळेकडे गेले.

तिथून सगळं सुरू झालं. खरं तर त्याच्या आदल्या दिवशी, ग्रामपंचायतीच्या सभेत.

मी तेव्हा पुण्यातल्या एका संस्थेत नवाच लागलो होतो. वाळूचा किनारा पुढे कुठे असेल हे आम्ही संगणकाला विचारायचो. त्याला किनाऱ्याची जुनी रेघ द्यायची, लाटा द्यायच्या, वाळूच्या कणाची जाडी द्यायची. मग तो बराच वेळ घरघरतो आणि पन्नास वर्षांनी पाणी कोणाच्या दारात असेल ते सांगतो. तो चुकला हे सिद्ध व्हायला पन्नास वर्षं लागतात, म्हणून मला ही नोकरी आवडली होती.

माडवेळ हे मालवणकडचं लहान गाव. समोर समुद्र, एका टोकाला खाडीचं तोंड. सभेत मी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. बारा वर्षांपूर्वीचा किनारा निळा, आजचा लाल. दोन्हींच्या मध्ये बरीच जागा होती.

“दर वर्षी पुष्कळ वाळू हिशोबातून गायब होतेय,” मी म्हणालो. “ती खाडीतून बाहेर गेलेली नाही, शेजारच्या गावाला गेलेली नाही. मॉडेलला ती सापडत नाहीये.”

समोर सगळं गाव गप्प. मला गप्प माणसं सहन होत नाहीत. म्हणून मी पुढे म्हणालो, “कोणी घरी नेली असेल, तर कृपया येऊन सांगा.”

कोणीही हसलं नाही. मला वाटलं, विनोद पडला. तो पडला नव्हता, लागला होता.

मुख्याध्यापकांनंतर देवळाचे गुरव आले. जीर्णोद्धाराला समुद्राची वाळू वापरली होती. देवाने मागितली असं धरता येईल का, असं त्यांनी विचारलं. एक बाई बरणीतून वाळू परत घेऊन आली. ती तिची चणे भाजायची वाळू होती, कढईत काळी पडलेली. मी ती घेतली. एक म्हातारा म्हणाला, “ल्हान असल्यापासून समुद्रात न्हातंय. चड्डीतसून घराक किती गेली असात, तुमी अंदाजान धरा.” मी गंभीर चेहऱ्याने मोबाइलवर आकडेमोड केल्यासारखं केलं आणि म्हणालो, “माफ आहे.” म्हाताऱ्याने हात जोडले.

रोज दुपारी मी हे सगळं मित्रांना कळवायचो. ते मला फादर म्हणायला लागले होते. मी गावाच्या सगळ्या कबुल्यांची एकदा बेरीजही केली. साऱ्या माडवेळने मिळून जन्मभरात नेलेली वाळू मॉडेलमधून एका आठवड्यात हरवणाऱ्या वाळूइतकी होत होती. म्हणजे कोणाच्याही टोपलीने काहीही बिघडलं नव्हतं. हे मी कोणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक यायचे थांबले असते.

मी राहायला जयवंत कुबलांकडे होतो. जयवंतकाका साठीच्या पुढचे, बोटीवरून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. सुमतीकाकी त्यांच्या वाट्याचंही बोलायच्या. मला त्यांनी समुद्राच्या बाजूची खोली दिली होती. तिच्या भिंतींना लोणा लागला होता, आणि सकाळी उठलो की माझ्या उशीवर गिलाव्याची वाळू पडलेली असायची. मी काकींना म्हणालोही होतो, तुमच्याकडे समुद्र अंथरुणात मिळतो. त्या हसल्या. काका उठून बाहेर गेले.

सभेच्या चौथ्या दिवशी काका मला म्हणाले, “जरा माज्यावांगडा येवा.”

“कुठे?”

“खाडीवर. भावाकडे.”

काकांना भाऊ आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. वाटेत त्यांनी फक्त एवढं सांगितलं की, “तुमी नुसते उबे रवा. सरकारी माणूस व्हयो.”

मी सरकारी नव्हतो. पण ते मी कबूल केलं नाही.

गुणाजीकाका खाडीकाठच्या एका झोपडीत राहायचे, जिथे पूर्वी कोणीतरी जाळी ठेवायचं. बायको वारलेली, मुलगी सासरी. ते दारात बसून मासे साफ करत होते. थोरल्या भावाला पाहून त्यांनी सुरी खाली ठेवली नाही.

“गुणाजी,” जयवंतकाका उभ्याउभ्याच म्हणाले, “मी तीन गाडये रेव काढलंय. तुज्या दारासमोरसून. खोलीक.”

गुणाजीकाका माशाकडे बघत राहिले.

“तेवा मी खाडीतली म्हणून सांगलंय. ती खाडीतली नव्हती.”

नंतर काकींकडून मला समजलं ते असं. बारा वर्षांपूर्वी जयवंतकाकांनी ती खोली बांधली. पुढच्याच पावसाळ्यात समुद्राने गुणाजीकाकांचं घर नेलं. गुणाजीकाकांनी भर वाडीत ओरडून सांगितलं की, सख्ख्या भावाने माझ्या घराखालची वाळू नेली. जयवंतकाकांनी देवाची शपथ घेऊन नाही म्हटलं. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. एकाच्या घरासमोरून जायची वेळ आली तर दुसरा पाण्यातून जायचा.

“चाय घेतलंस?” मासा बाजूला ठेवत गुणाजीकाकांनी विचारलं.

“नाय.”

“माज्याकडे साकर नाय.”

“मगे घराक चल,” जयवंतकाका म्हणाले. “थय आसा.”

त्या संध्याकाळी गुणाजीकाका एक पत्र्याची पेटी घेऊन माझ्या खोलीत राहायला आले. काकींनी त्यांना सुरमईचा सगळ्यात मोठा तुकडा वाढला. मी मित्रांना लिहिलं की मॉडेलमुळे दोन भाऊ एकत्र आले, पुढच्या अहवालात याचा आलेख टाकतो.

मग जयवंतकाका वाळू परत करायला लागले.

ती खोलीतून काढता येत नव्हती, म्हणून त्यांनी अंगण खणायला घेतलं. खोली बांधून उरलेली वाळू तेव्हा अंगणात पसरली होती म्हणे. ते टोपली भरायचे, डोक्यावर घ्यायचे, किनाऱ्यावर जिथे गुणाजीकाकांच्या घराचं जोतं ओहोटीला उघडं पडतं तिथे जाऊन ओतायचे आणि परत यायचे. त्यांची कंबर मुळात कामातून गेलेली. तुळशीवृंदावनाच्या एका बाजूला खड्डा वाढत होता आणि वृंदावन त्या बाजूला कलत होतं. गुणाजीकाका पडवीत बसून हे बघायचे. चहा पुढ्यात निवत असायचा.

“काका, पुरे की आता,” मी म्हणालो.

“तीन गाडये पुरे होतले तेवा पुरे.”

एका दुपारी मी खोलीत वाळूच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या लावत होतो. गुणाजीकाका माझ्या उशीजवळ बसले होते. उशीवर पडलेली वाळू त्यांनी हाताने गोळा केली आणि मुठीत धरून बसले.

“ही तीन गाड्यांची भित,” ते म्हणाले. “माजी सात खय गेली, ता कोण इचारना नाय.”

“सात काय?”

“गाडये. चार गोठ्याक, तीन जोत्याक. सगळी माज्याच दारासमोरसून. थय बरी बारीक गावायची. दादाच्या आदल्या वर्साक.”

मी चिठ्ठी लावायची थांबलो. “मग तुम्ही तेव्हा त्यांना भर वाडीत…”

“माजा घर गेल्ला, बाबा. कोणाक तरी बोलूक व्हया होता.”

बाहेर टोपली आपटल्याचा आवाज आला. गुणाजीकाकांनी मूठ उघडून वाळू खिशात घातली.

“तेका सांगू नकात,” ते म्हणाले. “वयनी माका मोठो तुकडो वाढता.”

हे मी मित्रांना कळवलं नाही. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जयवंतकाका टोपलीसकट किनाऱ्यावर खाली बसले आणि त्यांना उठता येईना. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. मी आणि काकींनी मिळून त्यांना घरी आणलं. काकी रात्री उशिरापर्यंत त्यांची पाठ चोळत बसल्या.

मला वाटलं, आता तरी थांबतील. पण लोकांनी अडवू नये म्हणून ते पहाटे पाचला सुरुवात करणार आहेत, असं काकींकडून कळलं. तेव्हा त्यांना थांबवायला मी पाचचा गजर लावला.

पहाटे पाचला उठण्याची वेळ माझ्यावर आयुष्यात कधी आली नव्हती. आली असती तर यातलं काहीच घडलं नसतं.

दार उघडलं तर बाहेर काळाकुट्ट अंधार. मला अंगणातला खड्डा दिसला नाही आणि मी त्यात पडलो. खड्ड्यात बसल्याबसल्या मी घड्याळात पाहिलं. पाच वाजून वीस मिनिटं. कुठेही उजेडाचा पत्ता नाही. आणि मला आठवलं की ही वेळ मी रोज बघतो.

ज्या जुन्या फोटोवरून आमची निळी रेघ काढली होती, तो उपग्रहाने घेतलेला होता. त्यावर तारीख डिसेंबरची होती आणि वेळ पाच वाजून वीस मिनिटांची. त्या फोटोत लख्ख ऊन होतं. माडांच्या सावल्या होत्या. गुणाजीकाकांचं घर होतं, आणि त्या घराचीही सावली होती.

उपग्रहाला माडवेळचं घड्याळ माहीत नसतं. ती वेळ ग्रिनिचची होती. आपल्याकडे तेव्हा अकरा वाजायला आले होते.

आता हे साडेपाच तास कशाचे? फोटोत पाण्याची कड दिसते, पण ती कड भरतीची आहे की ओहोटीची, हे फोटोच्या वेळेवरून ठरवतात. भरती आणि ओहोटी यांच्यात साधारण सहा तास असतात. आम्ही साडेपाच तास चुकलो होतो, म्हणजे पुरेपूर चुकलो होतो. ओहोटीचा फोटो आम्ही भरतीचा समजलो. भरतीलाच किनारा इतका रुंद, तर ओहोटीला केवढा असेल, असं म्हणून ती निळी रेघ आणखी समुद्रात ढकलली. जी वाळू हरवली म्हणून मी गावाला विचारलं होतं, ती कधी नव्हतीच.

काका माझ्या आधीच टोपली घेऊन गेले होते; त्यांना थांबवायचं राहूनच गेलं. उजाडल्यावर मी पुण्याला लोंढे मॅडमना फोन केला. त्या माझ्या वरिष्ठ होत्या. सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

“वेळ कोणी वाचली होती?”

“मी.”

“आणि तपासली कोणी?”

“तुम्ही.”

“दुरुस्त करून पुन्हा चालव,” त्या म्हणाल्या. “आणि ऊन दिसतंय का ते बघत जाऊ यापुढे.”

दुपारपर्यंत लॅपटॉपने उत्तर दिलं. दोन्ही रेघा जवळपास एकमेकींवर पडल्या. माडवेळचा किनारा कधी इकडे झुकतो, कधी तिकडे. खाडीच्या तोंडाजवळचा कोपरा थोडी वर्षं खचतो आणि पुन्हा भरतो. गुणाजीकाकांचं घर त्या कोपऱ्यावर होतं. कोणी मूठभर वाळू नेली नसती तरी ते गेलं असतं.

काकी मागच्या दारी मासे कापत होत्या. मी त्यांना आधी सांगितलं. त्यांना साडेपाच तासांचं काही विशेष वाटलं नाही.

“म्हंजे ह्येंनी काय केल्यानी नाय?”

“घर पडण्यासारखं काही नाही.”

“ता ह्येंका सांगू नकात.”

“काकी, ते असेच ओझी वाहत राहिले तर…”

“पाठ माका चोळूक येता,” काकी म्हणाल्या. “अकरा वर्सांनी दोन भाव एका पंगतीक बसतत. हो चुकलो म्हणान तो ईलो. हो चुकाक नाय, तर तो खयच्या तोंडान रवतलो?” त्यांनी सुरी धुतली. “तुमी सोमवारी पुण्याक जातल्यात. आमका हयच रवाचा आसा.”

मी आत जाऊन लॅपटॉप मिटला.

जेवायला आम्ही तिघं ओळीने बसलो. मध्ये मी. जयवंतकाकांना ताटावर वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ताट पाटावर ठेवून घेतलं होतं. काकींनी गुणाजीकाकांना मोठा तुकडा वाढला. जयवंतकाकांनी पाण्याचा तांब्या उचलायला हात पुढे केला, कंबरेत कळ आली आणि त्यांचा हात तसाच हवेत राहिला. थोडा वेळ हात हवेत ठेवून मग तो परत मांडीवर घेतला.

गुणाजीकाकांनी तांब्या त्यांच्यासमोर सरकवला. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

“माझी चूक झाली आहे,” मी म्हणालो.

काकींची पळी थांबली.

मी सगळं सांगितलं. फोटो, ऊन, साडेपाच तास. वाळू हरवलेली नाही. कोणामुळे कोणाचं घर गेलेलं नाही. आणि सभेत मी जे शेवटी म्हणालो तो विनोद होता, हेही सांगितलं. हे सांगायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

जयवंतकाकांनी घास पूर्ण चावला.

“तुमचो हिशोब चुकलो,” ते म्हणाले. “गावलो, बरा झाला. पण माजो नाय चुकाक. मी तीन गाडये काढलंय, आणि वर देवाची शपत घेतलंय. घर गेला नसता तरी ते तीनच.”

“पण काका, तेवढ्याने काही…”

“ता समुद्राचा झाला. मी समुद्राक बोलाक नाय गेल्लंय.”

ते पुन्हा भाताकडे वळले. मला गप्प माणसं सहन होत नाहीत, पण त्या दिवशी माझ्याकडेही काही नव्हतं. मी ताटातली मिठाची चिमूट इकडून तिकडे करत बसलो.

“सात,” गुणाजीकाका म्हणाले.

जयवंतकाकांनी मान वळवली. त्यांना ती पूर्ण वळवता आली नाही, म्हणून ते माझ्याकडेच बघत राहिले.

“मी सात काढलंय, दादा. थयसूनच. तुज्या आदल्या वर्साक. चार गोठ्याक, तीन जोत्याक.”

“आणि माका भर वाडीत…”

“व्हय.”

“अकरा वर्सां.”

“व्हय.”

काकी उठल्या. चुलीजवळून आल्या, वाकल्या, आणि गुणाजीकाकांच्या ताटातला तो मोठा तुकडा उचलून जयवंतकाकांच्या ताटात ठेवला. उष्टंखरकटं बघितलं नाही. परत जाऊन आमच्याकडे पाठ करून बसल्या.

जयवंतकाका त्या तुकड्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी तो काट्यापासून सोडवला, मधोमध मोडला, आणि माझ्या ताटावरून हात नेऊन अर्धा परत दिला.

“उद्या पाचाक,” ते म्हणाले. “माज्यापेक्षा चार जास्त वाहूचे आसत तुका.”

“पाठ मोडात माजी.”

“मोडूं दे. हिका चोळूक येता.”

चुलीजवळून काकींनी नाक ओढल्याचा आवाज आला. तो रडण्याचा होता की धुराचा, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोन टोपल्या निघाल्या, आणि मागे बॅटरी धरून मी. जोत्यापाशी ओतून झाल्यावर जयवंतकाका माझ्याकडे वळले.

“आणि तुमचे पिशये?”

पुण्याच्या प्रयोगशाळेत न्यायला मी खोलीत पिशव्या रचून ठेवल्या होत्या. गेले दहा दिवस मी गावाच्या डोळ्यांदेखत वाळू भरत होतो, आणि तिची कबुली द्यायला कोणाकडे गेलो नव्हतो. मी परत जाऊन पिशव्या आणल्या आणि एकेक रिकामी केली. आमच्या दुरुस्त मॉडेलनुसार त्या तीन माणसांच्या त्या पहाटेच्या श्रमाने किनाऱ्यात काहीही फरक पडणार नव्हता.

निघायच्या आधी मी सरपंचांना सांगून पुन्हा सभा घ्यायला लावली. उभा राहून सरळ सांगितलं की चूक आमची होती, गावाने काही केलेलं नाही, वाळू जागच्या जागी आहे. या वेळी एकही विनोद केला नाही. सगळे हसले. मुख्याध्यापक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “आम्हाला वाचवायला एवढं करताय, कळतंय हो.” लांब उडीचा खड्डा त्यांनी आधीच रिकामा केला होता. पुढे काही वर्षं त्या शाळेतली मुलं मातीत उड्या मारत होती, असं काकींनी फोनवर सांगितलं.

याला आता नऊ वर्षं झाली. जयवंतकाका गेल्या वर्षी गेले. गुणाजीकाका अजून त्या खोलीत राहतात, आणि काकी त्यांना मधला तुकडा वाढतात.

त्या पहाटे मी सगळ्या पिशव्या रिकाम्या केल्या, एक सोडून. कणांची जाडी मोजायला एक तरी नमुना लागतोच, असं मी स्वतःला सांगितलं आणि ती शर्टात लपवून आणली. प्रयोगशाळेला तिची गरज पडली नाही. ती माझ्या कपाटात, हिवाळी कपड्यांच्या मागे आहे. माडवेळच्या किनाऱ्यावरून खरोखर हरवलेली, कुठल्याच हिशोबात नसलेली वाळू तेवढीच. तिच्याबद्दल मला अजून कोणी विचारलेलं नाही.